डोक्यावरचा नैवेद्य

एरवी गाड्यांनी तुंबलेला सर्जापूर रोडसुद्धा रविवारी जरा माणसात असतो. त्यामुळे प्रमोदिनी, तिचा नवरा श्रीवत्स आणि सासरे आप्पाजी जेवून कॅबने निघाले ते फारसे कुठे न अडकता रेस कोर्सच्या फाटकाशी येऊन उतरले.

ही सहल आप्पाजींनी हट्टाने मागून घेतलेली. घोड्यांचे डॉक्टर म्हणून त्यांची सगळी हयात याच रेस कोर्सवर गेली होती आणि आता त्यांच्याच हृदयाची झडप कामातून गेली होती. ऑपरेशन लगेच करा, नाहीतर येता पावसाळा दिसायचा नाही, असं हॉस्पिटलने स्वच्छ सांगितलं होतं. आप्पाजी मात्र नको म्हणून बसलेले. सासूबाई गेल्यापासून म्हाताऱ्याला कशातच राम वाटत नव्हता. श्रीवत्सने रागावून पाहिलं, प्रमोदिनीने रडून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, एकदा मला घोडे दाखवून आणा, मग काय ते तिथेच सांगतो.

प्रमोदिनी पुण्याची. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा या घरातलं अर्धं कानडी मराठी ऐकून पार बावचळली होती. तेव्हा तिला हाताशी धरून भाजीवाल्यापासून देवळापर्यंत फिरवलं ते आप्पाजींनी. एक बाप गेला होता, दुसरा तिला जाऊ द्यायचा नव्हता. म्हणून सकाळी उठून तिने त्यांच्या आवडीची हयग्रीव मड्डी केली. हरभऱ्याची डाळ, गूळ, खोबरं आणि हात न आखडता तूप. सासूबाई करायच्या तशीच जमली होती. लाच म्हणा हवं तर.

आणि काय सांगू, लाच द्यायच्या आधीच लागू पडतेय असं वाटायला लागलं! फाटकातून आत पाऊल टाकलं आणि म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. हिरवंगार गवत, वर निळं आभाळ, ठेवणीतल्या साड्या, चहा, भजी, आणि मधूनच हजारो गळ्यांतून उठणारी आरोळी. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या गोलाशी आप्पाजी कठड्याला रेलून उभे राहिले. एक म्हातारा मोतद्दार घोड्याचा लगाम धरून चालता चालता थबकला, "डॉक्टर अण्णा!" म्हणाला आणि डोळे पुसत पुढे गेला. आप्पाजी प्रत्येक घोड्याच्या पायांकडे बघून श्रीवत्सला भविष्य सांगत होते आणि प्रत्येक भविष्य चुकत होतं. बापलेक पोट धरधरून हसत होते. प्रमोदिनीला हे हसणं किती दिवसांनी ऐकायला मिळत होतं!

पुढच्या शर्यतीला वेळ होता. श्रीवत्स चहाच्या रांगेत उभा राहिला आणि आप्पाजी सुनेला म्हणाले, चल, तुला जुने तबेले दाखवतो.

प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागे, मोठाल्या पर्जन्यवृक्षांखाली, तबेल्यांची एक लांब ओळ रिकामी पडली होती. कौलं शेवाळलेली, अर्ध्या दारांच्या कड्या गंजलेल्या. भर दुपारी तिथे सावली मात्र दाट होती. प्रमोदिनीने मड्डीचा पसरट डबा उघडून पुढे केला. आप्पाजी म्हणाले, थांब, जरा फिरू दे. तेवढ्यात पर्समध्ये तिचा फोन वाजायला लागला. एका हातात छत्री, काखेत आप्पाजींचा स्वेटर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि हा डबा. मग बाईने काय केलं, तर उघडा डबा सरळ डोक्यावर ठेवला, छत्री नि बाटली एका हातात कोंबली आणि मोकळ्या हाताने पर्स चाचपायला लागली.

पुण्याच्या मुलीला कुठून ठाऊक असणार? त्या घरात मड्डीचं भांडं कुणी खांद्याच्या वर नेत नाही. फार पूर्वी सोद्याच्या मठातल्या स्वामींनी असंच मड्डीचं ताट डोक्यावर धरलं होतं, आणि हयग्रीव देव पांढऱ्या घोड्याच्या रूपाने मागून येऊन ते खाऊन गेला होता. डोक्यावर ठेवणं म्हणजे बोलावणंच ते.

फोन वाजायचा थांबला. त्याबरोबर स्टँडचा गलबलाटही थांबला. पक्षी नाहीत, पानं नाहीत, काही नाही. ओल्या गवताचा वास आला, मग घामाचा, कातड्याचा. जमिनीवर टाप पडली. आणखी एक पडली... आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर काहीतरी जड, हळूच, जपून ठेवल्यासारखं टेकलं.

मानेवर ऊन श्वास आला.

"प्रमोदिनी..." समोरून आप्पाजींचा आवाज आला, अगदी हळू. "हलू नकोस. मागे बघू नकोस..."

डब्यात काहीतरी खसाखसा चघळत होतं. तिच्या कपाळावरून चिकट लाळ ओघळली. ती फक्त सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि त्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. घरी फार दिवसांनी आवडता पाहुणा यावा, तसे ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सावकाश रे..." ते म्हणाले. "सरी, सरी... बरं, आता पुरे. स्वल्प ठेव..."

चघळणं थांबलं. खांदे हलके झाले. आणि एकदम स्टँडवरून आरोळी उठली, पक्षी ओरडले, फोन पुन्हा वाजायला लागला.

आप्पाजींनी डबा उतरवला. एका कोपऱ्यात मूठभर मड्डी शिल्लक होती, बाकी डबा घासल्यासारखा लख्ख. तेव्हा त्यांनी तिला स्वामींची गोष्ट सांगितली. घोडा सगळं खात नाही, प्रसाद ठेवतो. ज्याच्यासाठी ठेवला त्याचे दिवस बाकी आहेत असं समजायचं. मग त्यांनी ती मड्डी बोटं चाटून संपवली आणि म्हणाले, "सांग श्रीवत्सला. करू ऑपरेशन."

प्रमोदिनीने तिथेच सासऱ्यांना मिठी मारली. भीती कुठल्या कुठे पळाली होती, ती आनंदाने रडत होती. श्रीवत्स चहा घेऊन आला तर दोघं हसतायत काय, रडतायत काय! ऑपरेशनचं ऐकून त्याच्या हातातला चहा सांडला. शेवटच्या शर्यतीला तिघंही खुर्च्यांवर उभं राहून गळा फाटेस्तोवर ओरडले. कुठला घोडा जिंकला हे तिघांनाही कळलं नाही.

परतताना श्रीवत्स पुढच्या सीटवर पेंगत होता. मागे प्रमोदिनी सासऱ्यांचा हात धरून बसली होती. आता विचारायला हरकत नव्हती.

"कसा होता हो घोडा, आप्पाजी?"

"पांढराशुभ्र." ते खिडकीबाहेर बघत हसले. "इतकं देखणं जनावर सगळ्या नोकरीत नाही पाहिलं मी. फक्त एक कळलं नाही गं... गोष्टीतल्या घोड्याला खोगीर नसतं. याच्यावर चढवलेलं होतं."

"आणि वर कुणी..."

"छे. रिकामं होतं." त्यांनी तिच्या हातावर प्रेमाने थोपटलं. "इथले जॉकी पाय दुमडून बसतात, पावलं अडकवायच्या रिकिबी अगदी आखूड. याच्या लांब सोडलेल्या होत्या. सकाळी घोड्यावरून फेरी मारायला निघताना माझा मोतद्दार माझ्यासाठी सोडायचा ना... तेवढ्याच."