शेंदऱ्याला अभय

खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेल्या कोतवालाने चौथा शेंदऱ्या गिळला, चोच तारेला घासली आणि पाचव्यावर झेप घेतली. डॉ. कुमुद देवतळे यांच्या हातातला चहा निवून गेला.

“उन्मेष, लवकर ये! हा पक्षी बघ. आता ओकेल.”

उन्मेष ढोबळे हा वाशीमच्या माळावरच्या त्या कीटक केंद्राचा यंत्रज्ञ, आणि एके काळचा कुमुदताईंचा विद्यार्थी. त्याने मान वाकडी करून पाहिलं. “मॅडम, तो ओकत नाहीये. तो जेवतोय. पंगतच बसलीय त्याची.”

कुमुदताई हसल्या नाहीत. त्याला कारणही तसंच होतं. शेंदऱ्या हा दिवसा उडणारा पतंग. पंख शेंदरी, त्यावर काळे ठिपके. भलेभले त्याला फुलपाखरू समजतात. पण फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, याच्या मिशा साध्या. आणि बसताना तो पंख मिटून उभे धरत नाही, पसरून बसतो. अळी काळी, पाठीवर पांढरे पट्टे, कडेला नारिंगी ठिपके. ती माळावरच्या खुळखुळ्याच्या झुडपाच्या विषारी बिया खाते आणि ते विष जन्मभर अंगात साठवते. एकदा शेंदऱ्या खाल्लेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. निदान जाऊ नये, असं शास्त्र सांगतं. हे शास्त्र लिहिलं होतं कुमुदताईंनीच, आणि शेंदऱ्याला जगाच्या दफ्तरात नावही त्यांनीच दिलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी तो केंद्रामागच्या टेकडीपुरता उरला होता. त्याच सुमारास शेतांवर ‘वेचक’ आले. वेचक म्हणजे मुठीएवढं उडतं यंत्र. पिकावर घिरट्या घालायचं, दिसलेली अळी किंवा पतंग ओळखायचा आणि कीड असेल तर किरणसुईने जागच्या जागी जाळायची. फवारणी बंद झाली, विहिरींचं पाणी निवळलं. सगळे वेचक एकाच ओळखजालात बांधलेले होते. एकाला शिकवलं की राज्यातले सगळे शिकले. कुमुदताईंनी मंत्रालयाचे उंबरे झिजवून त्या जालात शेंदऱ्याला अभय मिळवून दिलं. त्याला जाळायचं नाही, पकडायचं नाही, कोणी हातसुद्धा लावायचा नाही. मोजणीही वेचकानेच शेतांवरून उडता उडता करायची.

आणि शेंदऱ्या असा काही वाढला की बोलायची सोय नाही! आता आठवड्याभरात तो ‘धोक्याबाहेर’ जाहीर व्हायचा होता. मांडव ठरला होता, मंत्री येणार होते. एकच गोष्ट कुमुदताईंना खात होती. तुरीच्या शेंगा पोकळ निघत होत्या आणि वेचक सांगत होते, शेतात कीड शून्य.

“जाळी आण,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, गुन्हा आहे तो.”

“कायदा मीच करून घेतलाय. आण म्हटलं ना!”

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी शेंदऱ्या हातात धरला. कुमुदताईंनी त्याच्या पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली उघडलं. पतंगांच्या जातींची खरी ओळख तिथे पटते, पंखांवर नाही. मग उन्मेषने त्याचा एक पाय जनुकवाचकात घातला. दोन्ही उत्तरं एकच आली. तो शेंदऱ्या नव्हता. तो शेंगपोखर होता, तुरीच्या शेंगा पोखरणारा मातकट, भुरा, एरवी कोणी ढुंकूनही पाहणार नाही असा पतंग.

“शेंगपोखराला शेंदूर कुणी फासला?” उन्मेषने विचारलं.

“आपण.” कुमुदताई खुर्चीत बसल्या. “शेंदऱ्याचा रंग कशासाठी असतो?”

“पक्ष्याला सांगायला. मी विषारी आहे, नादी लागू नकोस.”

“आणि एखाद्या बिनविषारी पतंगाने तेच सोंग घेतलं तर?”

“पक्षी त्यालाही सोडेल. पण ती सोंगं घडायला हजारो वर्षं लागतात, मॅडम.”

“पक्ष्याची नजर चुकते, पक्षी झोपतो, पक्षी विसरतो. वेचक यातलं काही करत नाही. पानापानावरचा प्रत्येक भुरा त्याने जाळला. ज्याच्या अंगावर जन्मतः चुकून शेंदराचा शिंतोडा होता, त्याच्यापाशी यंत्र क्षणभर घुटमळलं आणि पुढे गेलं. तो वाचला, त्याची पोरं वाचली. वर्षाला आठ-नऊ पिढ्या, आणि पंचवीस वर्षं. यात शेंगपोखराची हुशारी काहीच नाही. शिकारी बदलला, म्हणून सोंग कोणाला दाखवायचं तेही बदललं.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.”

“आणि आपण कुंपणाला हार घालायला निघालो होतो.”

पुढचे चार दिवस त्यांनी तालुका पालथा घातला. शेकडो शेंदरी पतंग आणि पट्टेरी अळ्या जनुकवाचकातून गेल्या. एकही खरा निघाला नाही. कोतवालाचं कोडंही सुटलं. सोंगाडे एवढे माजले की पक्ष्यांना शेंदरी घास गोडच लागायला लागला, आणि शेंदूर म्हणजे आयतं जेवण हे ते शिकले. खऱ्याची अब्रू सोंगाड्यांनी घालवली होती. त्या रात्री कुमुदताई जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने अभय काढून घेतलं. दुसरा मार्गच नव्हता. माणसांची तूर जात होती.

दोन दिवसांत शेतं साफ झाली. उरलेसुरले सोंगाडे लपू नयेत म्हणून वेचक टेकडीवरही सोडले. तिथे पीक नाही, म्हणून ते पूर्वी कधी गेले नव्हते. दुपारी उन्मेष धावत आला.

“मॅडम, टेकडीवर भुरे शेंगपोखर जळतायत. जुन्या रंगाचे. पण बसलेत कुठे माहितीय? खुळखुळ्यावर!”

“खुळखुळ्याच्या बियांनी शेंगपोखर मरेल,” असं म्हणता म्हणता कुमुदताई उठल्याही. गुडघेदुखी विसरून त्या टेकडी चढल्या. खुळखुळ्याच्या शेंगेवर एक मातकट, बिनपट्ट्यांची अळी बी कुरतडत होती. तिचा एक केस त्यांनी हातातल्या जनुकवाचकात टाकला, आणि उत्तर दोनदा वाचलं.

“शेंदऱ्या आहे रे! माझा शेंदऱ्या!” त्यांना रडू फुटलं.

वेचक नसलेल्या टेकडीवर शिकार पक्षीच करत होते, आणि पक्षी शेंदरी तेवढं टिपत होते. ज्या शेंदऱ्यांचा रंग विटका, तेच जगले. दिवसा उडणं महागात पडलं, तसे ते तिन्हीसांजेला उडू लागले. सोंगाड्याने खऱ्याचं रूप घेतलं आणि खऱ्यावर सोंगाड्याचं जुनं रूप घ्यायची पाळी आली. त्या रूपाला ओळखजालात मात्र मरणाची शिक्षा होती.

“थांबवतो, आत्ता थांबवतो,” उन्मेषने कळ दाबली. टेकडीवरचे वेचक झाडांवर बसले. “आता याचं चित्र जालात घालतो. भुऱ्यालाही अभय.”

“खबरदार!”

“का?”

“भुऱ्याला अभय दिलंस तर शेंगपोखराला सोंगसुद्धा घ्यावं लागणार नाही. जुने कपडे काढून घातले की झालं. परत तूर बुडेल, परत अभय जाईल, आणि हाही सुक्याबरोबर ओला जळेल.” त्यांनी डोळे पुसले. “चेहऱ्याला अभय द्यायचंच नाही. जागेला द्यायचं. टेकडी वेचकांच्या हद्दीबाहेर काढ. इथे खुळखुळाच वाढतो, आणि शेंगपोखर तो खाऊ शकत नाही.”

“कारण काय लिहू?”

“इथे तूर पिकत नाही, यंत्र फुकट झिजतं, असं लिही.”

उन्मेषने लिहायला घेतलं आणि मध्येच थांबला. “पण हा जिवंत आहे असं कळवलं, तर कायद्याने चोवीस तासांत त्याचं चित्र जालात जातं. आणि नाही कळवलं, तर तो नामशेष धरतात. सगळे तुमच्या नावाने खडे फोडतील, मॅडम. अभय तुम्ही काढलंत. नाव दिलं त्याच बाईने मारला म्हणतील.”

“म्हणू देत,” कुमुदताई म्हणाल्या. खोटेपणा त्यांना आयुष्यात जमला नव्हता, आणि आता तो मरेपर्यंत करायचा होता.

ठरलेला मांडव मोडला नाही. त्यात शोकसभा झाली. संध्याकाळी शेंदऱ्याच्या मोठ्या छायाचित्राला हार घातला, समई लावली. मंत्र्यांनी नाव न घेता ‘काही तज्ज्ञांच्या घाईबद्दल’ खेद व्यक्त केला. मागे कुणीतरी कुजबुजलं, “हीच ती बाई.” मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

त्या शांततेत टेकडीकडून एक भुरा पतंग आला आणि पंख पसरून छायाचित्राच्या काचेवर बसला. शिपायाने लगबगीने पुढे होऊन त्याला रुमालाने झटकलं. पतंग खाली सतरंजीवर पडला, फडफडला. कुमुदताईंचा हात नकळत पुढे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. शिपायाने त्याच्यावर चप्पल ठेवली.

“काय होतं हो ते, मॅडम?” शेजारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

कुमुदताईंनी त्या चपलेकडे पाहिलं, मग समोर पाहिलं.

“शेंगपोखर,” त्या म्हणाल्या. “कीड आहे.”