लांब स्क्रू

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. माझ्या घरात घडली, माझ्या हातून घडली, आणि अजून संपलेली नाही. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

भुतं रात्री बाराच्या ठोक्याला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. आमच्याकडे जे घडतं ते संध्याकाळी पावणेसातला. बाहेर चांगला उजेड असतो. जिन्यावर लोकांची ये-जा चालू असते.

मी लॅपटॉप दुरुस्त करते. एका जुन्या इमारतीच्या तळघरात माझं छोटंसं दुकान आहे. एक टेबल, एक दिवा, एक भिंग. शेजारी घड्याळवाले काका बसतात. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत आहे. त्यांना शिंक आली तर माझा स्क्रू उडतो.

घरी आम्ही तिघी. आई, ताई आणि मी.

म्हणजे होतो. ताई आठ महिन्यांपूर्वी गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी हॉस्पिटल, सहाव्या दिवशी संपलं सगळं.

आता एक गोष्ट कबूल करते, नाही तर पुढचं कळणार नाही. मी ताईला लहानपणापासून पाण्यात पाहत आले. ती वाईट होती म्हणून नाही. ती चांगली होती म्हणून. आई डावं-उजवं करत नाही असं सगळे म्हणायचे. पण ताई घरात आली की आईचा चेहरा बदलायचा. मी आले की आई म्हणायची, "चपला नीट ठेव."

ताई गेल्यावर मी रडले, अगदी मनापासून. पण रडताना मनात एक विचार येऊन गेला. आता आई माझी एकटीची.

त्याचीच शिक्षा भोगतेय बहुतेक.

*

एक दिवस आई दुकानात आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात ताईचा जुना लॅपटॉप.

"चालू होत नाहीये गं हा."

"कुणाला दाखवलास?"

आई जरा घुटमळली. "कोपऱ्यावरच्या दुकानात दिला होता. तो म्हणाला नवा घ्या."

पिकतं तिथं विकत नाही ते असं. पोटची पोर हाच धंदा करते आणि आई आधी कोपऱ्यावर गेली.

"काय आहे एवढं त्यात?" मी विचारलं.

"तिचा आवाज आहे," आई म्हणाली. "ती रोज संध्याकाळी माझ्याशी बोलायची ना, ते सगळं त्यात भरून ठेवायची. पुढेमागे मी विसरायला लागले तर ऐकवीन म्हणायची."

मला हे माहीतच नव्हतं. मी घरी यायचे साडेआठला. त्याआधी त्या दोघींचं रोज हे चालायचं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ठेवून जा," मी म्हटलं. "बघते."

नऊ वर्षांचं यंत्र. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, तीन वेळा 'टीप' वाजायचं आणि पडदा काळाच. असा आवाज आला की आम्ही आधी मेमरीकडे बघतो.

माझी एक पद्धत आहे. यंत्र उघडण्याआधी मी कागदावर त्याची पाठ काढते, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्याच जागी ठेवते. कारण सगळे स्क्रू सारखे नसतात. याला अकरा होते. आठ लांब, पुढच्या कडेला तीन छोटे. छोट्याच्या जागी चुकून लांब बसवला तर तो आतल्या बोर्डात घुसतो आणि बोर्ड मरतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. शिकाऊ माणसाच्या हातून ही चूक एकदा तरी होतेच.

बॅटरी फुगली होती, ती काढून टाकली. मेमरीची पट्टी काढली. तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, ब्रशनं झटकली आणि परत बसवली. चार्जर लावला. बटण दाबलं.

सुरू झाला!

दहा मिनिटांचं काम. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जे जमलं नाही ते मी दहा मिनिटांत केलं. तेव्हाच बंद करून आईला फोन करायला हवा होता.

पण मी 'आई' नावाचं फोल्डर उघडलं.

चारशे बारा फाइली. प्रत्येक फाइलला तारखेचं नाव. सगळ्या संध्याकाळी पावणेसातच्या.

मी अधलीमधली एक लावली. आई हसत होती. अशी खळखळून हसणारी आई मी कधी ऐकलीच नव्हती. ताई कुणाची तरी नक्कल करत होती आणि आई म्हणत होती, "पुरे गं, पोट दुखलं माझं."

मग ताई म्हणाली, "धाकटीला पण बोलावू या ना एखाद्या दिवशी."

आणि आई म्हणाली, "नको गं. तिला यंत्रं कळतात. माणसं नाही."

मी ते तीनदा ऐकलं.

मग लॅपटॉप बंद केला. डिस्क काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. झाकण बसवलं. एकेक स्क्रू लावत पुढच्या कडेला आले. कागदावर तिथे छोटा स्क्रू होता. तो मी उचलला... आणि बाजूला ठेवला.

आमच्याकडे सुटे स्क्रू डबीत असतातच. त्यातला एक लांब घेतला आणि तिथे बसवला.

शेवटच्या दोन फेऱ्यांना जोर लावावा लागला. आत बारीकसा 'कट्' असा आवाज झाला. मी बटण दाबून पाहिलं. दिवासुद्धा लागला नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं, "गेला. आतलंही सगळं गेलं."

आईनं हात पुढे केला. "असू दे. तसाच दे मला."

*

त्यानंतरच्या एका गुरुवारी तळघरातली वीज गेली. मी दुकान बंद करून लवकर घरी आले. पावणेसात वाजत होते.

दार उघडलं आणि...

आई हसत होती.

तसंच. खळखळून.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मला वाटलं फोनवर बोलत असेल. पण तिचा फोन बाहेर माझ्या समोरच चार्जिंगला लावलेला होता.

मी दार ढकललं. हसणं एकदम थांबलं. आई पलंगावर बसली होती. मांडीवर ताईचा लॅपटॉप. उघडा. पडदा काळा.

"लवकर आलीस?" आई म्हणाली. "चपला नीट ठेव."

त्या लॅपटॉपला बॅटरी नव्हती. आत डिस्क नव्हती. बोर्ड मी माझ्या हातानं मारला होता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. चपला जिन्यातच काढल्या. दाराला कान लावला.

आईचा आवाज. मग... दुसरा आवाज.

शब्द कळत नव्हते. पण वाक्याच्या शेवटी जरा वर चढणारा तो सूर कुणाचा, हे मला कुणी सांगायला नको होतं.

माझे हातपाय गार पडले असतील असं तुम्हाला वाटेल. पडले, पण नंतर. आधी वाटला तो हेवा. मेल्यावरसुद्धा तीच! मी जिवंत, दाराबाहेर उभी, आणि आईला हसवायला तीच येते.

आठवडाभर मी रोज तशी उभी राहिले. मग एका सकाळी घड्याळवाले काका मला म्हणाले, "अगं, लवकर जायला लागल्यापासून रोज संध्याकाळी रेडिओ चालू ठेवून जातेस का?"

"रेडिओ? माझ्याकडे कुठला रेडिओ?"

"मग त्या दोन बायका कोण बोलतात? पावणेसातच्या सुमाराला. आणि हसतात काय! परवा तर ऐकता ऐकता माझ्या हातून काटा निसटला."

चोराच्या मनात चांदणं. माझी नजर थेट ड्रॉवरकडे गेली.

ड्रॉवरला कुलूप होतं. आत डिस्क तशीच होती. तिला कुठलीही वायर नव्हती.

हातात घेतली... कोमट होती. नुकतीच काम करून थांबलेली डिस्क असते तशी.

मी ती माझ्या कॉम्प्युटरला जोडली. 'आई' फोल्डर उघडलं.

चारशे अडतीस फाइली.

मी बोटांवर दिवस मोजले. बोर्ड मारला त्याला सव्वीस दिवस झाले होते.

शेवटची फाइल आदल्या संध्याकाळची होती. मी ती लावली. आधी नुसती खरखर. मग आई.

"धाकटीला सांगू का गं, तू येतेस म्हणून?"

मग ताई बोलली. अगदी जवळून. माईकला ओठ लावल्यासारखी.

"नको. तिला कळलं तर ती हेही काढून घेईल."

"असं काय बोलतेस? बहीण आहे तुझी."

"आई... इथे पुढच्या कडेला काहीतरी आहे गं. टोचतंय."

"कुठे?"

"लांब आहे. इथला नाहीये तो. सारखा टोचतो."

मी इअरफोन काढून फेकले. काकांनी फळीवर टकटक करून विचारलं, "काय झालं गं?" मी डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

*

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खोलीत शिरले. लॅपटॉप उशीवर ठेवलेला होता, चादर गळ्यापर्यंत ओढून झोपवतात तसा. मी तो उलटा केला. स्क्रूड्रायव्हर लावला.

लांब स्क्रू निघाला. त्याच्या जागी मी जपून ठेवलेला छोटा बसवला.

"चुकले गं ताई," मी हळूच म्हटलं. "खरंच चुकले."

तेवढ्यात बाथरूममधून आईचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही."

डिस्क परत द्यायची असंही मी ठरवलं होतं. पण दिली नाही. तेवढं मन अजून मोठं झालेलं नाही. शिवाय ती दिली तर मला ऐकता कसं येणार?

हो, मी ऐकते. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तेच. कारण त्या फाइलींमध्ये आई जशी आहे, तशी ती माझ्या वाट्याला कधी आलीच नाही.

त्या संध्याकाळच्या फाइलमध्ये ताई म्हणाली, "आता बरं वाटतंय." मला वाटलं सुटले. आता ती जाईल.

पण गेल्या सोमवारची फाइल ऐकली.

"आई, चल ना आता. किती दिवस मी इथे येऊ? तूच ये."

"येते गं."

मी आवाज वाढवला.

"येते," आई म्हणाली. "पण आधी धाकटीला विचारते. तिला न विचारता नाही यायची मी."

नुसती खरखर. मग ताई म्हणाली, "तिला कशाला विचारायचं?"

तो सूर मी लगेच ओळखला. आवाज ताईचाच, पण सूर माझा होता. लहानपणी ताईला नवी वही मिळाली आणि मला तिची जुनी, की माझ्या तोंडून जो निघायचा तोच.

"ती एकटी पडेल गं," आई म्हणाली. "बोलत नाही, पण दाराशी येऊन उभी राहते. मला काय कळत नाही?"

खरं सांगू? मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा आईनं माझ्यासाठी ताईला थांबवलं होतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावलं आणि दुकानात एकटीच रडले.

मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला आणि पाचावर धारण बसली.

आईला काही आजार नाही. डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत आहे. जेवते, फिरते, चपलांवरून ओरडते. फक्त सोमवारपासून रोज रात्रीचं जेवण झालं की ती खुर्ची ओढते आणि म्हणते, "धाकटे, जरा बस इथे. तुला एक विचारायचंय."

मी बसत नाही. कधी फोन आल्याचं नाटक करते, कधी टीव्ही मोठा करते. लहानपणापासून मी या घरात वाट पाहिली, की आई मला समोर बसवून काहीतरी विचारेल. आता ती विचारतेय आणि मी पळतेय.

काल तर ती माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"ऐकतेस ना गं?"

मी नळ मोठा सोडला आणि भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

आई थोडा वेळ दाराशी उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "उद्या विचारते."