धक्क्यावरचा शंख

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली.

मी ती मावशीकडून ऐकली, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसलेल्या रोझेरकाकूंकडूनही. दोघींच्या सांगण्यात कुठेच फरक नाही. आणि त्या दिवसानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र विचारतात. ही भर दुपारची आहे. ईस्टरनंतरचा मंगळवार. ठिकाण, कातालोनियाच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, काला रोदेय.

बायका बंदरात जाळी सांधत बसल्या होत्या. ऊन होतं. मग समुद्राकडून गारवा आला...

आणि धुकं.

आमच्याकडे धुकं आलं की बायका शंख घेऊन धक्क्याच्या टोकाला जातात. प्रत्येक घराची फुंकायची रीत वेगळी. समुद्रातला माणूस आपल्या घराचा आवाज ओळखतो आणि त्या रोखानं बोट आणतो. पूर्वेला छोट्या चर्चखाली खडक आहेत. तिथून शंख कोणी फुंकत नाही. का, ते पोरांनाही सांगावं लागत नाही.

तेक्लामावशीचा नवरा ब्लाय त्याच खडकांवर गेला. या मंगळवारच्या तीन वर्षं आधी, अशाच धुक्यात.

त्या दिवशी मावशी तापानं फणफणली होती. शंख घेऊन ब्लायचा धाकटा भाऊ फेलिऊ गेला होता. "वहिनी, तू पडून राहा. मी आणतो त्याला."

बोटीच्या फळ्या तेवढ्या आल्या.

नंतर फेलिऊनं तिचं सगळं पाहिलं. सरपण, मासळी, गळकं छप्पर. आता येत्या रविवारी दोघांचं लग्न होतं. आणि आज फेलिऊ एकटाच तारली मासळीची जाळी काढायला गेला होता.

मावशी शंख घेऊन धावली. रोझेरकाकू आधीच टोकाला बसल्या होत्या. त्यांचा नवरा नुकताच सुखरूप आत आला होता.

"ये गं नवरीबाई," काकू म्हणाल्या. "सगळा दम आजच संपवू नकोस. रविवारी 'हो' म्हणायला तरी ठेव."

"तुमच्या लग्नात तुम्ही इतक्या जोरात 'हो' म्हणालात म्हणे, की पाद्री दचकला."

"दचकला नाही. दया आली त्याला, माझ्या नवऱ्याची."

मावशी हसली. शंखात वाळू जाऊ नये म्हणून कोंबलेला बोळा काढायला तिनं बोट घातलं.

तेवढ्यात...

शंख वाजला.

दोन लांब, एक आखूड. शेवटी आवाज थोडा फाटलेला.

तिच्या घरची रीत. आणि आवाज फाटायचा फक्त ब्लायचा.

पूर्वेकडून आला होता. खडकांवरून.

मावशीचा हात तसाच राहिला. घरात शंख एकच होता. तो तिच्या मांडीवर होता.

रोझेरकाकूंनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "देवा... आजही तिथूनच."

"आजही म्हणजे?"

काकू उठायला लागल्या.

"काकू, आजही म्हणजे काय?"

"अगं, धुक्यात दिशा कळत नाही..."

"तुम्हाला कळते. जन्म गेलाय इथे तुमचा."

पुन्हा वाजला. दोन लांब, एक आखूड.

काकू रडायला लागल्या. "त्या दिवशी फेलिऊ धक्क्यावर आलाच नाही गं. तुमचा शंख खडकांवरून वाजत होता. मग तो तिकडून खाली उतरला. गुडघ्यापर्यंत भिजलेला."

"कोणी कोणी ऐकलं?"

"आम्ही सगळ्याजणींनी."

"आणि गप्प बसलात?"

"ब्लाय तर गेलाच होता. तुला कोणीतरी नको का? तुझ्यावर जीव होता त्याचा, तो सांभाळत होता..."

या बायकांनी तिच्या लग्नाचा पोशाख शिवला होता.

मावशीनं शंखातलं बोट काढलं. बोळा आतच राहिला.

"वाजव तेक्ला!" काकू ओरडल्या. "तो खडकांकडे जाईल!"

"जाऊ दे."

"मला दे मग!"

"हात लावून बघा."

खडकांवरचा शंख वाजतच होता. संथ. जवळच्या माणसाला हाक मारावी तसा.

मग थांबला.

काहीच ऐकू येईना. पाणीसुद्धा...

आणि धक्क्याच्या तोंडाशी, दोघींच्या अगदी समोर, बोटीचं नाक धुक्यातून बाहेर आलं.

फेलिऊ. सुखरूप. हसत होता.

"शाब्बास, तेक्ला! सरळ तुझ्या आवाजावर आलो, एकदाही चुकलो नाही. शेवटी आवाज फाडायला कुठे शिकलीस? थेट ब्लायसारखा!"

मावशीनं शंख त्याच्यासमोर धरला. बोळा तसाच होता, कोरडा.

फेलिऊनं तो पाहिला. मग रडणाऱ्या काकूंकडे पाहिलं. मग खडकांकडे.

तो त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला. लग्न झालं नाही. त्याच्या बोटीला कोणी हात लावला नाही.

धुक्यात आवाज वळतो, हे मी शिकले आहे. खडकांवरचा आवाज समुद्रातल्या माणसाला धक्क्यावरून आल्यासारखा वाटू शकेल. एखाद्या वेळी. पण तो फुंकला कोणी? मी त्या खडकांवर एकटी जात नाही.

मावशी मात्र त्यानंतर प्रत्येक धुक्यात तिथे जाऊन बसायची. आम्ही ओढून आणायचो. ती घाबरलेली नसायची. चिडलेली असायची.

मी एकदा विचारलं, "मावशी, ब्लायकाकांनी त्याला वाचवलं का गं?"

"ते त्याला विचार," ती म्हणाली. "ज्यानं मारलं, त्याला हाक मारून घरी आणलं. मी इतकी वर्षं इथे बसते आहे..."

"मला एकदाही हाक मारली नाही."