गावंड्यांचा गणनबंब

चिखलदऱ्यात गेली नऊ वर्षं एकाच घरात गणनबंबाचं पाणी गरम येत होतं, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी तेही थांबलं. हर्षदा गावंडे यांनी नळाखाली हात धरला आणि लगेच मागे घेतला. पाच मिनिटं वाट पाहिली, पुन्हा हात धरला. मग गॅसवर पातेलं चढवलं आणि परतवाड्याच्या दुरुस्ती केंद्राला निरोप पाठवला.

गणनबंब म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. पूर्वी संगणक तापत असत आणि त्यांना थंड ठेवण्यात निम्मी वीज जाई. तेवीस वर्षांपूर्वी कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की ही उष्णता हवेत सोडण्यापेक्षा लोकांच्या अंघोळीला द्यावी. मग थंड हवेच्या गावांत घरोघरी तांब्याचे उभे बंब बसले. जुन्या बंबात मधोमध निखाऱ्यांची नळी असे, तिथे यांच्यात सीलबंद गणकगाभा होता आणि भोवती पाणी. दूर कुठल्यातरी कंपनीची गणितं गाभ्यात सुटत आणि इकडे पाणी तापे. एका दगडात दोन पक्षी. पुढे शीतगणक आले. ते तापतच नाहीत. बाहेरची गणितं तिकडे गेली, गावातले बंब एकेक करून गार पडले, लोकांनी छतावर सूर्यतापक बसवले आणि बंब मोडीत काढले.

गावंड्यांचा तेवढा चालू राहिला. शेजारणी म्हणत, तुमचा बंब मोठा गुणाचा बाई. हर्षदाबाई हसून विषय बदलत. एकतीस वर्षं त्यांनी परतवाड्याच्या तंत्रनिकेतनात उष्णताशास्त्र शिकवलं होतं. उष्णता फुकट मिळत नाही, हे वाक्य त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. मग हा बंब नऊ वर्षं कशावर तापतो, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं कसं म्हणावं? पडला होता. त्यांनी तो विचारला नाही, इतकंच.

कारण पाण्याचं खातं त्यांच्या नवऱ्याचं, प्रफुल्लचं होतं. इतर घरांत बायको नवऱ्याचं पाणी काढते. इथे हर्षदाबाईंना सातची बस असे आणि प्रफुल्ल गावातल्याच शाळेत गणित शिकवत, म्हणून उलटी रीत पडली. रोज सकाळी बादली भरून ते स्वयंपाकघराच्या दारात येत आणि म्हणत, "पाणी काढलंय गं, जा." ते जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. बादली आता हर्षदाबाईच भरत, पण पाणी गरम यायचं, आणि पाणी गरम येतंय तोवर घरात आपल्याआधी कुणीतरी उठलेलं आहे असं त्यांना वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विज्ञान शिकवलेल्या बाईनं असलं काही बोलू नये, हेही त्यांना कळत होतं.

सोमवारी दुपारी अन्विता तायडे आली. तिशीची, दणकट, केंद्रातली जुन्या गणकांची एकमेव तज्ज्ञ. तिनं गाडीत नवा सूर्यतापक घालूनच आणला होता. "दुरुस्त नाई झाला तर आजच बदलून देते," दारातच तिनं सांगितलं. "पुन्हा घाट चढायले नको."

तासाभरानं ती न्हाणीघरातून बाहेर आली. हात पुसत ती हर्षदाबाईंसमोर मोढ्यावर बसली.

"काकू, बंब बिघडला नाई."

"मग पाणी का तापत नाही?"

"काम संपलं त्याचं. गणित सुटलं."

हर्षदाबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "बाहेरची गणितं नऊ वर्षांपूर्वीच बंद झाली."

"हे बाहेरचं नोतं. खासगी होतं. तेव्हा तसा नियम होता, घरमालकाले स्वतःचं गणित घालता यायचं. फक्त मंग त्या बंबाले तार जोडत नसत, उत्तर आतच राह्यचं." अन्वितानं मनगटावरची नोंद पाहिली. "गणिताचं नाव हाये, गावंडे अनुमान, अपवादाचा शोध."

गावंडे अनुमान हर्षदाबाईंना तोंडपाठ होतं. प्रफुल्लनं मूळ संख्यांचं एक खास कुळ शोधलं होतं आणि त्यांचं म्हणणं असं, की दोनशे दहाच्या पटीतली कुठलीही संख्या घ्या, ती त्या कुळातल्या दोन संख्यांची बेरीज असतेच. कुठल्याशा नियतकालिकात ते छापून आलं, दोन पुस्तकांच्या तळटीपांत गेलं. गणितज्ञांना ते सिद्ध करता आलं नाही आणि खोडताही आलं नाही. शाळामास्तराच्या नावाचं अनुमान. हर्षदाबाई त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवत आल्या. एकदा पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "यांच्या आकड्यांनी अंघोळीचं पाणी तरी तापतं का?" त्यानंतर महिन्याभरात घरी गणनबंब आला होता. त्यात प्रफुल्लनं काय घातलं, ते त्यांना आज कळत होतं.

"म्हणजे तो बंब एकेक संख्या तपासत होता," त्या म्हणाल्या.

"हो. तपासायची, नियमात बसली की पुसून टाकायची, पुढची घ्यायची. जुना गाभा पुसतो म्हणूनच तापतो. हे तुमाले काय सांगू, तुमी तर शिकवलंय."

"माहिती ठेवायला उष्णता लागत नाही, पुसली की बाहेर पडते." हर्षदाबाईंचा वर्गातला आवाज आपोआप आला. "शीतगणक काही पुसत नाहीत, म्हणून तापत नाहीत."

"बरोबर. आता या गाभ्याले एक अशी संख्या भेटली, की ती पुसता येत नाई. ती धरून तो बसला हाये. म्हणून गार."

"नियमात न बसणारी."

"हो."

हर्षदाबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या. दरीत ऊन होतं. अनुमान खरं असतं तर शोध कधीच संपला नसता आणि पाणी कायम तापलं असतं. पाणी गार झालं, याचा अर्थ प्रफुल्ल चुकले. इतकं सरळ होतं ते. आपण हे ऐकायला उरलो आणि ते नाहीत, याचं त्यांना वाईटही वाटलं आणि बरंही.

"किती वर्षं चालला शोध?"

"अकरा वर्षं चार महिने."

म्हणजे बंब आला तेव्हा नव्हे, जाण्याच्या जरा आधी प्रफुल्लनं तो सुरू केला असावा. हर्षदाबाईंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. आजारपणात, हाताला कंप असताना, या माणसानं आपल्यामागे बायकोला गरम पाण्याची सोय करून ठेवली.

"आता ऐकजा," अन्विता म्हणाली. "दोनच वाटा हाये. एक, कळ दाबून चालू करायचा. तो धरलेला आकडा पुसला जाईन, शोध पहिल्या संख्येपासून सुरू. गाभा तोच, गणित तेच, म्हणजे पुन्हा अकरा वर्षं चार महिने गरम पाणी. दोन, बदलायचा. मी सील तोडून आकडा काढते, गणिताच्या राष्ट्रीय नोंदवहीत पाठवते. सील तुटलं की ओल शिरते, तो गाभा पुन्हा चालत नाई."

"आकडा काढून पुन्हा चालू नाही करता येणार?"

"नाई. दोन्ही नाई होत." तिनं कप खाली ठेवला. "मी कोणाले सांगणार नाई, काकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

हर्षदाबाईंनी फार वेळ लावला नाही. तळटीपेत का होईना, प्रफुल्लचं नाव होतं, आणि सव्वीस जानेवारीला शाळेतली मुलं अजून ते अनुमान फलकावर लिहीत. ते खोटं ठरवणारं पत्र आपल्या न्हाणीघरातून जावं, हे त्यांना सोसवेना. शिवाय, खरं सांगायचं तर, त्यांना ते पाणी हवं होतं. एकोणसत्तराव्या वर्षी अकरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"दाब कळ," त्या म्हणाल्या.

दोघी न्हाणीघरात गेल्या. अन्वितानं बंबाच्या पाठीवरचं झाकण उघडलं. आत पितळी कळ होती आणि तिच्याखाली तांब्याची अरुंद पट्टी.

"हे काय?"

"आरंभपट्टी. चालू झाला, बंद झाला, तारीख डागून ठेवते. गाभ्यातलं पुसलं तरी हे राह्यते." अन्वितानं दिवा जवळ नेला आणि तिचा हात कळीवरून खाली आला. "काकू, इथं दोन फेऱ्या हाये."

हर्षदाबाईंनी चष्मा लावला. पहिला आरंभ बावीस वर्षांपूर्वीचा, बंब घरी आला त्या मे महिन्यातला. त्यापुढे अकरा वर्षं चार महिन्यांनी, नऊ सप्टेंबरला, थांबल्याची खूण. पुढचा आरंभ बारा सप्टेंबर. त्याच्यापुढे परवाचा शनिवार.

शोध तोच आणि गाभाही तोच. म्हणजे नऊ सप्टेंबरला त्याला हीच संख्या सापडली होती. आणि प्रफुल्ल गेले त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी.

त्या दिवसांत बंब बंद होता, हे त्यांना आठवलं. क्षार साचलेत, साफ करतोय, असं म्हणून प्रफुल्लनं तीन दिवस गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं होतं. उशीर झाला म्हणून त्या करवादल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बस चुकली तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढं साधं काम जमत नाही का तुला?" चौथ्या दिवशी पाणी गरम आलं.

हर्षदाबाई बंबाशेजारच्या पाटावर बसल्या. "त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस माहीत होतं. मग त्यानं पुसलं."

"तुमच्या पाण्यासाठी पुसलं असन, काकू."

"पाण्याला सूर्यतापक तेव्हाही मिळत होते."

अन्वितानं दिवा खाली ठेवला.

"सील शाबूत आहे, म्हणजे त्यानं आकडासुद्धा पाहिला नाही. चाळीस वर्षं ज्याच्यामागे होता तो आकडा हाताशी आला, आणि यानं न बघता पुसला. मला कळू नये म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "मी हसेन असं वाटलं असेल त्याला. आणि मी हसले असते गं. पहिले दोन दिवस हसले असते. तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ बसले असते ना."

बाहेर कुणाची तरी गाडी घाटाकडे गेली. त्यानंतरचे सहा आठवडे हर्षदाबाई एकेक करून डोळ्यांपुढे आणू लागल्या. प्रफुल्ल रोज पाणी काढत होते, रोज तेच वाक्य म्हणत होते, आणि आपण चुकलो हे एकट्यानं पोटात ठेवून शेजारच्या उशीवर झोपत होते. गेली अकरा वर्षं या घरात आपण एकट्या आहोत असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांच्याआधी ते इथेच, त्यांच्या देखत, एकटे होते. आता तीच कळ दाबली तर ते एकटेपण आणखी अकरा वर्षं चालणार होतं, आणि या वेळी ते लपवणाऱ्या त्या असणार होत्या.

"सील तोड," त्या म्हणाल्या.

"नक्की? मंग परत नाई होत."

"तोड."

काम दीड तास चाललं. संख्या एकोणतीस आकडी निघाली. हर्षदाबाईंनी ती वहीत उतरवली, अन्वितानं दोनदा वाचून दाखवली, त्यांनी दोनदा ताडून पाहिली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोंदवहीचा अर्ज भरायला घेतला.

"अनुमान मांडणाऱ्याचं नाव?"

"प्रफुल्ल गावंडे."

"अपवाद शोधणाऱ्याचं नाव? इथं मी केंद्राचं टाकू, का तुमचं?"

"यंत्रात गणित कुणी घातलं?"

"त्यायनंच."

"मग तेच नाव टाक. स्वतःचं स्वतः खोडलं त्यानं. हसू दे कुणाला हसायचं ते."

अन्वितानं लिहिलं. "शोध लागल्याची तारीख? परवाची टाकू?"

"नऊ सप्टेंबर. पट्टीवर आहे ती."

"त्या दिवशी ते होते. बरोबर." तिनं तीही लिहिली आणि सहीसाठी अर्ज पुढे केला.

हर्षदाबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "त्या दिवशी मीही घरातच होते," त्या म्हणाल्या. "ते कुठे लिहिता येतं का बघ."

अन्वितानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"नाई, काकू. तसा रकाना नाई."