कोरा नमुना

ओणमला आठ दिवस उरले की तमिळनाडूकडून येणाऱ्या भाजीच्या लॉऱ्यांची रांग सीमानाक्याजवळच्या प्रयोगशाळेच्या फाटकापर्यंत येते. प्रत्येक लॉरीतून किलोभर भाजी उचलायची, वाटायची, अर्क यंत्रात सोडायचा आणि उमटलेल्या रेषेत फवारणीच्या औषधाचं टोक दिसतं का ते बघायचं. जलजा हे काम अकरा वर्षं करत होती. तिच्या सहीने लॉऱ्या परत जात, त्यामुळे फाटकाशी तिला कोणी वाट देत नसे.

तुलनेसाठी कधीच न फवारलेली भाजी लागते. तिला कोरा नमुना म्हणतात. तिची रेषा लॉरीतल्या भाजीच्या रेषेतून वजा करायची. उरेल ते विष. चवळीचा कोरा नमुना जलजाच्या परसातूनच येई. हातभर लांब शेंगा, ना मावा ना अळी. तिची नऊ वर्षांची मुलगी आर्चा त्याच परसावर वाढली होती. बाजारची भाजी जलजाने घरात येऊ दिली नव्हती.

सोमवारी चवळीच्या एका रेषेत टोकाऐवजी खड्डा पडला. सतराव्या मिनिटाला रेषा शून्याच्या खाली गेली. मंगळवारी अकराच्या अकरा नमुन्यांत तोच खड्डा, आणखी खोल. जलजाने सुई बदलली, नळ्या धुतल्या, अर्क नव्याने काढला. खड्डा हलला नाही.

यंत्रावर तिच्या हाताखाली वर्गीस होता; तिला तो चेची, म्हणजे ताई, म्हणे. तो म्हणाला, "चेची, वजाबाकीत खड्डा पडतो म्हणजे त्यांच्यात नाही असं काहीतरी आपल्या कोऱ्यात आहे."

"तू बाटल्या धू."

त्याने बाटल्या धुतल्या आणि बातमी फाटकापर्यंत पोचवली. बुधवारी पेच्चिमुत्तू नावाचा लॉरीवाला तिच्या वाटेत उभा राहिला. त्याचा माल तिने दोनदा परत पाठवला होता. पान थुंकून तो म्हणाला, "अक्का, आमच्या भाजीत काय असतं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. तुमच्यात काय आहे?" मागचे हसले. तो हसला नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख नसीमा मॅडमनी खड्ड्याचा उलगडा करायला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. कोरा नमुना बिघडलेला निघाला तर जलजाचे सगळे अहवाल रद्द होणार होते. ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी मागून विचारलं,

"घरी हे कोण खातं?"

यंत्राच्या यादीत हजारभर औषधांच्या खुणा होत्या. सतराव्या मिनिटाची खूण एकाशीही जुळली नाही.

गुरुवारी संध्याकाळी जलजा परसात उभी राहिली. शेजारच्या कुंपणावर मुंग्यांची रांग चालली होती. तिच्या मांडवाच्या पहिल्या खांबाशी येऊन ती वळत होती. वेलांवर कोळ्याचा एक धागा नव्हता. डासांनी तिचे घोटे फोडून काढले होते. आर्चा उघड्या पायांनी मांडवाखाली बसून कच्ची शेंग खात होती.

"मोळे, तुला डास चावत नाहीत?" जलजाने लेकीला विचारलं.

"मला कोणीच चावत नाही, अम्मा. शाळेतलं कुत्रंपण लांबून जातं."

लेकीच्या अंगावर डासाची गांधी कधी पाहिल्याचं जलजाला आठवेना. तिने आर्चाची वेणी घातली. फणीत अडकलेले केस कागदाच्या पुडीत ठेवले.

शुक्रवारी सकाळी तिने त्यांचा अर्क काढला. पुडीवर नियमाप्रमाणे फक्त आकडा होता.

"कुठली लॉरी?" वर्गीसने विचारलं.

"कोरा वजा करून लाव."

केस आणि चवळी, दोन वेगळ्या वस्तू. वजाबाकीनंतर रेषेत डोंगर-दऱ्या दिसायला हव्या होत्या. सतराव्या मिनिटाला खड्डा दिसला की झालं. तेवढंच तिला हवं होतं. खड्डा म्हणजे आर्चाच्या अंगात ते नाही.

पाच मिनिटं झाली. रेषा सरळ.

दहा.

सतरावं मिनिट आलं. खड्डा पडला नाही.

टोकही आलं नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला यंत्र थांबलं. कागदावर पट्टीने ओढल्यासारखी एक सपाट रेघ होती. वजाबाकीत काहीच उरलं नव्हतं.

वर्गीसने कागद उजेडात धरला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैलावला.

"कोराच परत लावलात होय, चेची? आधी सांगायचं."

त्याने पुडीवर चिठ्ठी चिकटवली आणि सुबक अक्षरात लिहिलं : कोरा नमुना. चवळी. वापरण्यास योग्य.