मधली चित्रं

२०४३ साली, दिवाळीच्या थोडं आधी, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका जुन्या गूळ-गोदामात सहा माणसं कानामागे दोन-दोन चकत्या चिकटवून एक चित्रपट पाहत बसली होती. गोदामाचा स्टुडिओ होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुपार तापली की भिंतींतून अजून गुळाचा वास यायचा. चकत्या एक रुपयाच्या नाण्याएवढ्या होत्या. दिवे लागले तेव्हा सगळ्यांनी त्या काढून बशीत ठेवल्या आणि भडंगाच्या कागदाकडे हात गेले.

"मुलीचा फ्रॉक काय सुंदर झालाय! तो पिवळा रंग!" कुणीतरी म्हणालं.

"पिवळा? निळा होता की!"

"निळा नाही हो, फुलाफुलांचा."

वाद रंगला. तौफिक मुल्लाणी मात्र नुसता हसत होता. चकत्या त्याने बनवल्या होत्या. तो दिग्दर्शिकेकडे वळला. "सांगा ना ताई, फ्रॉकला रंग कुठला दिलात?"

"दिलाच नाही," हेमांगी शिरगुप्पे म्हणाल्या. "कोरा ठेवलाय."

हेमांगीताईंची हयात हाताने चित्रं काढण्यात गेली होती. त्यांच्या तरुणपणी घरोघरची पोरं शाळेतून आली की टीव्हीवर जपानी ॲनिमे-कार्टून बघत बसायची. त्यातूनच त्यांना हा नाद लागला. 'पाण्याखालची खोली' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. त्यातल्या मुलीला कळत नाही की आपण बहिणीला पाण्यात ढकललं, की बहीण घसरली, की आपल्याला बहीणच नव्हती.

अशा चित्रपटात एका हालचालीची दोन मुख्य चित्रं असतात. हात वर, हात खाली. त्या दोहोंमधली चित्रं काढायला पूर्वी माणसांची रांग बसायची. तौफिकच्या चकत्यांनी ती रांगच काढून टाकली. पडद्यावर फक्त मुख्य चित्रं यायची, मधली ज्याची त्याने मनातून भरायची. या युक्तीला त्याने नाव दिलं होतं 'पूरक'.

"डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने भरलेलं, यांत मेंदू एरवी एक बारीक खूण ठेवतो," तो समजावून सांगायचा. "पूरक ती खूण तेवढ्यापुरती पुसतो. बाकी काही करत नाही."

त्या दिवशी सगळे हसले. हसली नाही ती एकटी उज्ज्वला माळकर. चित्रपटातल्या मुलीचा आवाज तिचा होता. सहासष्टाव्या वर्षीही तिच्या गळ्यातून आठ वर्षांची पोर बोलायची. हेमांगीताईंची ती शाळेपासूनची मैत्रीण. भडंगाला हात न लावता ती घरी गेली.

चार दिवस तिने फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी स्वतःच स्टुडिओत आली आणि खुर्चीवर न बसता म्हणाली, "हेमे, वैजूला मीच ढकललं."

वैजू तिची धाकटी बहीण. गडहिंग्लजजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत उन्हाळ्यातही पाणी असायचं. त्यात ती सहा वर्षांची पोर बुडाली, तेव्हा उज्ज्वला आठ वर्षांची होती. आपण काठावर होतो आणि वैजू आपल्यासमोर घसरली, एवढंच ती आजवर सांगत आली होती.

"आता हात दिसतात मला," उज्ज्वला म्हणाली. "तिच्या पाठीवर. माझे हात. तळव्याला तिच्या पाठीचं हाड लागलेलं कळतंय."

"अगं, ते पिक्चरमधलं आहे!"

"पिक्चरमध्ये ढकलतानाचं चित्र आहे का?"

हेमांगीताईंनी मनातल्या मनात चित्रं चाळली. नव्हतं. मुलगी बहिणीच्या मागे उभी आहे, हे एक चित्र. पाण्यावर वर्तुळं उठलीत, हे दुसरं. मधलं त्यांनी मुद्दाम सोडलं होतं. चित्रपटाचा सगळा थरार त्या सोडण्यातच होता.

"ते तू भरलंस, उज्जे."

"तेच म्हणते मी. भरलं, कारण माझ्याकडे होतं." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "आई आजही स्वतःला दोष देते. माझं लक्ष नव्हतं म्हणून पोर गेली, म्हणते. तिचं वय बघ. ती जायच्या आत मला सांगायला हवं. रविवारी जातेय."

ती गेल्यावर हेमांगीताईंनी तौफिकला गाठलं. "जे मनात नाहीच, ते पूरक आत घालू शकतो का?"

"नाही ताई. आत जे असेल तेच वर येतं." त्याला वाटलं, आपण धीर देतोय. हेमांगीताईंना मात्र वैजूच्या पाठीवरचे ते हात खरे वाटू लागले.

रविवारी त्या हट्टाने बरोबर निघाल्या. गाडी आपली आपण चालत होती. बाहेर उसाला तुरे आले होते. निपाणी मागे पडली. मग हेमांगीताई म्हणाल्या, "डोळे मीट आणि मला सगळं सांग. मी चित्र काढणार असल्यासारखं."

"हेमे, नको आता."

"सांग तर. उजेड कुठून येतोय?"

उज्ज्वलाने डोळे मिटले. "डावीकडून. वैजूची वेणी आहे. पाठ रुंद आहे."

"सहा वर्षांच्या पोरीची पाठ रुंद?"

"आहे खरी. मी पाय रोवलेत."

"कशावर?"

"दगडावर. फरशीसारखा आहे. त्यावर फुली आहे."

"कसली फुली?"

"पांढरी. खडूची."

बोलता बोलता तिने डोळे उघडले. हेमांगीताई तिच्याकडेच पाहत होत्या.

"खाणीत खडूची फुली कुणी काढली गं?" त्यांनी हळूच विचारलं.

स्टुडिओत एक जुनी रीत होती. कुठलीही हालचाल काढण्याआधी ती कुणीतरी करून दाखवायची. पाय कुठे ठेवायचे ते कळावं म्हणून फरशीवर खडूने फुली मारायची. दोन वर्षांपूर्वी श्रावणात याच प्रसंगासाठी उज्ज्वलाला फुलीवर उभं केलं होतं, आणि पुढे पाठमोऱ्या उभ्या होत्या खुद्द हेमांगीताई, वेणी घालून. उज्ज्वलाने इतक्या जोरात ढकललं की त्या गाद्यांवर जाऊन आपटल्या. "मारतेस काय गं भवाने?" असं त्या ओरडल्या आणि सगळा स्टुडिओ हसला होता. मग त्यांनी ते चित्र काढायचंच नाही असं ठरवलं आणि दोघीही ते विसरल्या.

"ती माझी पाठ आहे, उज्जे. माझं हाड लागलं तुझ्या हाताला."

उज्ज्वला आधी हसली, मग खूप वेळ रडली. गाडीने आपणहून वेग कमी केला आणि काही हवंय का असं विचारलं. दोघींनी एकदमच "गप बस!" म्हटलं.

गडहिंग्लजला उज्ज्वलाची आई, शालनबाई, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. कान शाबूत, नजर अधू. "आलीस व्हय? आणि ही शिरगुप्प्यांची? वाळलीस की गं," असं म्हणून त्यांनी दोघींच्या पुढ्यात एकेक जुडी टाकली.

आता सांगायचं काही उरलं नव्हतं. तरी उज्ज्वलाला राहवेना. "आई, वैजू पाण्यात गेली तेव्हा मी काठावर नेमकी कुठे उभी होते गं?"

"काठावर?" शालनबाई म्हणाल्या. "तू कुठं हुतीस तिथं? तुला गोवर आला हुता. अंग नुसतं फणफणत हुतं. तुझ्या उशाशी बसले हुते मी. म्हणून तर वैजूकडं बघाय कुणी नव्हतं."

"पण मला दिसतं ना. ती घसरली, पाणी हललं…"

"लोकांनी सांगितलेलं दिसतंय तुला, बाळ. घरी जो येईल तो तेच सांगायचा. तू पडल्या पडल्या ऐकायचीस." त्यांनी निवडलेली पानं पातेल्यात टाकली. "एवढी वरसं ते घेऊन बसलीस व्हय? मला आधी विचारायचं नाहीस?"

उज्ज्वला आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. मेथीचे हात तसेच तिच्या केसांतून फिरत होते.

परत आल्यावर हेमांगीताईंनी 'पाण्याखालची खोली'चं प्रदर्शन वर्षभर पुढे ढकललं. सगळी मधली चित्रं त्यांनी माणसं बसवून हाताने काढून घेतली. फ्रॉकला पिवळा रंग दिला. ढकलण्याचा प्रसंग स्वतः काढला. चकत्यांशिवाय तो चित्रपट तीन आठवडे चालला. थरार कमी पडला, असं लोक म्हणाले. तौफिक नाराज होऊन बंगळूरला गेला. त्याचा पूरक पुढे किती पसरला ते सांगायला नको. हल्ली लग्नाच्या चित्रफितीसुद्धा लोक त्याच्याशिवाय पाहत नाहीत, आणि एकाच लग्नावरून घराघरांत भांडणं होतात. शालनबाई पुढच्या संक्रांतीनंतर झोपेतच गेल्या. उज्ज्वलाचा खाणीचा काठ हळूहळू पुसट होत गेला. ती आता लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवते आणि तिला छान झोप लागते.

झोप लागत नाही ती हेमांगीताईंना. गॅलरीतला तो क्षण त्यांना पुन्हा पुन्हा दिसतो. उज्ज्वलाने काठाचं विचारलं, आणि उत्तर देण्याआधी शालनबाईंचा हात मेथीवर थांबला. अगदी थोडाच. लेकीला खरं सांगायचं की धीर द्यायचा ते ठरवायला लागेल, एवढाच वेळ.

एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "उज्जे, त्या दिवशी आईचा हात थांबला होता ना गं?"

"छे! ती निवडतच होती. मी बघत होते की."

हेमांगीताईंनी विषय बदलला. चित्रपट जुळवताना त्या स्वतः कितीदा चकत्या लावून बसल्या होत्या, हे उज्ज्वलाला ठाऊक नव्हतं. पुसलेली ती बारीक खूण चकत्या काढल्यावर पुन्हा उमटते की नाही, याची त्यांना आता खात्री नव्हती. प्रश्न, उत्तर, ही दोन मुख्य चित्रं पक्की होती. पण त्यांच्यामधला तो थांबलेला हात खरंच शालनबाईंचा होता, की हेमांगीताईंनी स्वतः मनातून काढलेला?