चूळ भरायची राहिली

सिंधीपुऱ्यातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणी शिबिरात सकाळपासून ‘आ करा, आ करा’ म्हणून म्हणून तंत्रज्ञ चारुलताचाच जबडा दुखायला लागला होता. मागच्या गल्लीतले यंत्रमाग खडखडत होते. खुर्चीत शेवटचा माणूस येऊन बसला — केळ्यांच्या लिलावात बोली पुकारणारा निरंजन.

“दिवसभर लोकांची तोंडं बघून जीव उबगला नाही का, मॅडम?”

“उबगला. आ करा.”

“इतनी घाई? आधी नाव तरी —”

“आ!”

तिने निळा उजेड गालाच्या आत धरला. निरोगी गाल त्या उजेडात हिरवट चमकतो... याच्या डाव्या गालात मात्र बोराएवढा काळा डाग! तिचा हात थांबला. हसरे डोळे, लवंगेचा वास, आणि हे असं?

“काय झालं?” त्याचा आवाज आता लिलावातला राहिला नव्हता.

“घाबरू नका. हा उजेड नुसती जागा दाखवतो. दुसरा आतले थर दाखवतो. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की खरं काय ते कळतं.”

काडीसारखी नळी तिने गालाला टेकवली. पडद्यावर थर उमटले — एकाखाली एक, सरळ, धडधाकट. डागाखाली काहीच बिघडलेलं नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

“पान खाल्लंत?”

“विडा... देडतलाईला मुलगी बघायला गेलो होतो. पाहुण्यांना नाही कसं म्हणणार?”

“कात चिकटलाय गालाला! निळ्या उजेडात तोही काळाच दिसतो. आधी चूळ भरायला सांगायचं, तेच राहिलं... चुकलं हो माझं. दमलेय मी.”

चूळ भरून आल्यावर गाल हिरवट चमकला. चारुलताने सुटकेचा निःश्वास टाकला.

“डॉक्टर एकदा बघतील, पण काळजी नाही. आता खुशाल देडतलाईला होकार कळवा.”

“आता तर नकारच कळवणार.”

“का? मुलगी बरी नाही?”

“चांगली आहे. पण मघाशी वाटलं, संपलं सगळं... तेव्हा मी घाबरून तुमची बाही धरली होती.”

“ठाऊक आहे.”

“मग सोडवली का नाही?”

चारुलताने नळी पुसून ठेवली.

“दमले होते.”

“आणि आता?”

“आताही दमलेच आहे,” ती म्हणाली... आणि मशीन बंद करून, घरी निघायचं सोडून, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली.